लाल सलाइन, सापाचं विष आणि विषाणूचं दार

केमोच्या वॉर्डात एका औषधाला नावाने कोणी ओळखत नाही. 'आज तुमची लाल आहे का?' असं एक पेशंट दुसऱ्याला विचारतो आणि दुसरा मान डोलावतो. सिस्टर मोठी सिरिंज घेऊन येते. आतला गर्द लाल द्रव चालू सलाइनमधून सावकाश शिरेत सोडते आणि सांगून ठेवते, 'एक-दोन दिवस लघवी लाल होईल. रक्त नाही ते, घाबरू नका.' हे डॉक्सोरुबिसिन. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, लहान मुलांमधले हाडांचे कर्करोग अशा कितीतरी दुखण्यांत अर्ध्या शतकापासून ते वापरलं जातंय आणि त्याने वाचवलेली माणसं आपल्या आसपास हिंडताहेत.

हे औषध मातीतून आलं. दक्षिण इटलीतल्या आपुलिया प्रांतात कास्तेल देल मोन्ते नावाचा तेराव्या शतकातला आठ कोनांचा किल्ला आहे. त्या परिसरातली माती १९५० च्या दशकात मिलानच्या फार्मिटालिया कंपनीच्या संशोधकांनी तपासायला नेली. तिच्यात स्ट्रेप्टोमायसीस जातीचा एक जिवाणू सापडला. तो लालभडक रंगद्रव्य तयार करत होता आणि त्या रंगद्रव्याने उंदरांच्या अंगातल्या गाठी आटत होत्या. पुढे त्याच जिवाणूत बदल घडवून जे नवं रसायन मिळालं, त्याला किनाऱ्यावरच्या एड्रियाटिक समुद्रावरून एड्रियामायसिन हे नाव पडलं. तेच आपलं लाल औषध. मात्र १९६७ पर्यंत हेही कळून चुकलं होतं, की या घराण्यातली औषधं काही पेशंटचं हृदय निकामी करतात, अगदी जीव जाईपर्यंत.

नवल इथे आहे. केमोची बरीच औषधं विभाजन पावणाऱ्या पेशींवर घाव घालतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात, कारण या सगळ्या ठिकाणी पेशी भराभर वाढत असतात. हृदयाच्या स्नायूपेशी मात्र जवळजवळ विभागतच नाहीत. 'जवळजवळ' म्हणजे किती, हे मोजायला चक्क अणुबॉम्ब कामी आले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६३ पर्यंत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला आणि चाचण्या थांबल्यावर तो वर्षावर्षाने उतरत गेला. हा कार्बन झाडांत गेला, झाडांतून अन्नात, अन्नातून माणसांच्या पेशींत. पेशी जन्मली त्या वर्षीच्या हवेची खूण तिच्या डीएनएत कायमची राहिली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन आणि सहकाऱ्यांनी मृत माणसांच्या हृदयांतून ही खूण वाचली आणि २००९ मध्ये उत्तर दिलं: पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का स्नायूपेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आयुष्य संपतं तेव्हा निम्म्याहून अधिक पेशी जन्मापासूनच्याच असतात. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, तेही बदली कामगार जवळपास नसताना!

मग न विभागणाऱ्या पेशीला हे औषध मारतं कसं? डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी पेशीत टोपोआयसोमरेज-२ नावाचं एन्झाइम असतं. ते धागा कापतं, पीळ मोकळा करतं आणि धागा पुन्हा जोडतं. डॉक्सोरुबिसिन त्याला कापल्यानंतर आणि जोडण्याआधी पकडून ठेवतं, म्हणजे धागा तुटलेलाच राहतो. गंमत अशी, की या एन्झाइमची दोन रूपं आहेत. अल्फा रूप वाढत्या पेशींत असतं, म्हणून कर्करोग मरतो. हृदयाच्या पेशींत बीटा रूप असतं आणि औषधाला दोघांतला फरक कळत नाही. ज्या उंदरांच्या हृदयपेशींतून बीटा काढून टाकलं, त्यांची हृदयं या औषधापासून बचावली, हे २०१२ मध्ये दिसलं. याआधी सगळा दोष लोहावर आणि त्यातून उठणाऱ्या ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंवर टाकला जात होता. तो पूर्ण खोटा नव्हता, अपुरा होता एवढंच.

नुकसान डोसागणिक साठत जातं. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण ४०० मिलिग्रॅमपर्यंत सुमारे ५ टक्के पेशंटना हार्ट फेल्युअर होतं, ५५० ला २६ टक्के, ७०० ला ४८ टक्के. म्हणून डॉक्टर जन्मभराच्या डोसाची मर्यादा पाळतात आणि मधूनमधून 'टूडी एको', म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात. आपल्याकडे रिपोर्ट हातात पडला की घरचे पहिल्यांदा विचारतात, 'पंपिंग किती आहे?', म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं. ५५-६० असेल तर सुस्कारा. दहा अंकांनी घसरून पन्नासच्या खाली गेलं तर केमोची पुढची सायकल थांबवून हृदयाकडे बघायची वेळ येते.

ही घसरण लवकर पकडली तर मागे फिरवता येते. मिलानमध्येच, युरोपियन इन्स्टिट्यूट ऑफ ऑन्कॉलॉजीत, डॅनिएला कार्डिनाले यांनी केमोमुळे पंपिंग घसरलेल्या २०१ पेशंटचा पाठपुरावा केला. केमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत हृदयाची औषधं सुरू झाली त्यांच्यातले ६४ टक्के पूर्ववत झाले. सहा महिन्यांनंतर सुरू झाली त्यांच्यातला एकही पूर्ण सावरला नाही. हे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले, तेव्हा ते फक्त हृदयाकडे लक्ष ठेवणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांच्या कामाचे वाटले असतील. दहा वर्षांनी त्यांना वेगळंच वजन आलं.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे जगभर एकच आदेश निघाला: जे पुढे ढकलता येईल ते ढकला.

आता एकोची खोली डोळ्यांपुढे आणा. लहानशी, अंधारी, दार बंद, एसी चालू. पेशंट डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली. छातीवर गार जेल, त्यावर प्रोब दाबून धरलेला, आणि तपासणारा पेशंटच्या श्वासाच्या टप्प्यात, हातभर अंतरावर. 'श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा.' वीस-पंचवीस मिनिटं. हवेतून पसरणाऱ्या विषाणूसाठी याहून सोयीची जागा शोधूनही सापडली नसती. शिवाय ज्याची तपासणी करायची त्याच्या पांढऱ्या पेशी केमोने आधीच खाली आणलेल्या. मार्च संपायच्या आत अमेरिकेच्या एकोकार्डिओग्राफी सोसायटीने सांगितलं, की गरज असेल त्यांचाच एको करा आणि तोही नेमका तेवढाच.

इकडे भारतात २५ मार्चपासून देश बंद झाला. त्याच दिवशी केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. मुंबईत लोकल थांबल्या. परळच्या टाटा हॉस्पिटलात विदर्भातून, बिहारमधून, बंगालमधून येणारी आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी महिनोन्महिने राहणारी माणसं एकतर तिथेच अडकली किंवा गावी अडकली. टाटाने दारं उघडी ठेवली, पण पोचणार कोण? राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमधल्या ४१ केंद्रांचा हिशेब नंतर मांडला गेला. २०१९ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत १,१२,२७० नवे पेशंट नोंदले गेले होते, २०२० मध्ये ५१,७६०. निम्म्याहून अधिक माणसं दारापर्यंत आलीच नाहीत, आणि कर्करोग तर कोणासाठी थांबत नाही. फेरतपासणीच्या भेटीही ४६ टक्क्यांनी घटल्या. पंपिंगवर नजर राहते ती याच भेटींमुळे, म्हणून हृदयाच्या बाजूने पाहिलं तर मला या आकड्याची धास्ती जास्त वाटते.

म्हणजे पेच असा. एको केला तर विषाणूचं भय. लांबवला तर मिलानचे ते दोन महिने आणि सहा महिने. शहाण्या डॉक्टरांनी सरसकट ढकलाढकली केली नाही, त्यांनी पेशंट वेगळे काढले. तरुण, बीपी नाही, शुगर नाही, पहिला एको स्वच्छ, डोस कमी, अशा बाईला थांबवता येतं. पासष्टीची, बीपीची, डाव्या छातीला रेडिएशन झालेली, डोसाच्या मर्यादेजवळ आलेली बाई असेल तर नाही. पहिल्या बाईलाही नुसतं 'नंतर या' म्हणून भागत नाही, पुढची तारीख द्यावी लागते. गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते.

ट्रास्टुझुमॅब हे दुसरं औषध याच कारणाने चर्चेत आलं. हर-२ नावाचा रिसेप्टर अंगावर मिरवणाऱ्या स्तनाच्या गाठींवर ते रामबाण, पण हृदयाची पेशीही ताण पडला की त्याच रिसेप्टरच्या आधाराने तग धरते. म्हणून वर्षभर उपचार आणि दर तीन महिन्यांनी एको असा शिरस्ता. चार हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या पर्सेफोनी या ब्रिटिश चाचणीने २०१९ मध्ये दाखवून दिलं होतं, की सहा महिन्यांचे उपचार वर्षाच्या मानाने फारसे उणे पडत नाहीत आणि हृदयाच्या त्रासामुळे औषध थांबवावं लागणाऱ्यांचं प्रमाण ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर येतं. महासाथीच्या अडचणीत हा पर्याय हाताशी होता.

एको नाही तर निदान रक्त तपासू, असा पुढचा विचार. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशी दुखावली की ते रक्तात झिरपतं आणि यंत्र ते अगदी कणभर असलं तरी ओळखतं. रक्त कुठेही घेता येतं, शेजारी कोणाला अर्धा तास बसावं लागत नाही. पण विषाणूने इथेही घोळ घातला. वुहानमधल्या ४१६ दाखल पेशंटच्या तपासणीत जवळपास २० टक्क्यांचं ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. त्यांच्यातले निम्मे दगावले, बाकीच्यांत हेच प्रमाण साडेचार टक्के होतं. आता लाल औषध घेतलेल्या माणसाचं ट्रोपोनिन वाढलं तर दोष कोणाला द्यायचा? औषधाला, विषाणूला, की दोघांनी मिळून केलेल्या घावाला?

दम लागण्याचंही तसंच. केमोवरच्या माणसाला दम लागतो तो हिमोग्लोबिन उतरल्याने, फुप्फुसात गुठळी गेल्याने, हृदय थकल्याने किंवा कोविडने. फोनवरून हे उलगडायचं तर साधे प्रश्न कामाला येतात. रात्री किती उशा घेता? पूर्वी एक, आता तीन, म्हणजे आडवं झालं की फुप्फुसात पाणी चढतंय. संध्याकाळी चप्पल घट्ट होते का? दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं का? हे प्रश्न एकोच्या यंत्राहून जुने आहेत आणि महासाथीने त्यांना पुन्हा मान मिळवून दिला. याउलट कोविडमध्ये माणूस गप्पा मारत बसलेला असायचा आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ८५ दाखवायचा. २०२१ च्या लाटेत महाराष्ट्रात घरोघरी सहा मिनिटं चालून ऑक्सिजन पाहायला सांगितलं जात होतं. ही सहा मिनिटांची चाल हृदय आणि फुप्फुसांच्या जुनाट पेशंटसाठी दवाखान्यात कैक वर्षं वापरात होती. तिथून ती थेट आपल्या हॉल-किचनमध्ये आली.

गुठळ्यांचा विषय निघालाच आहे तर आर्मां त्रूसो यांची आठवण काढल्यावाचून पुढे जाववत नाही. पॅरिसच्या या नामांकित वैद्याने १८६५ मध्ये सांगितलं, की शिरेत विनाकारण गुठळी झाली तर आत कुठेतरी कर्करोग शोधा. दोन वर्षांनी त्यांना स्वतःलाच तशी गुठळी झाली. आपलं निदान त्यांनी स्वतः केलं आणि पोटाच्या कर्करोगाने ते गेले. कर्करोग रक्त गोठवतो, कोविडही गोठवतो. दोन्ही एकत्र आले की रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन हे वॉर्डातलं नित्याचं औषध झालं.

आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन! २०२० च्या मार्चमध्ये आयसीएमआरने ते आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून सुचवलं आणि मेडिकलच्या दुकानांतून गोळ्या गायब झाल्या. या गोळीने ईसीजीवरचं क्यूटी नावाचं अंतर लांबतं. सोबत ॲझिथ्रोमायसिन दिलं तर आणखी. रक्ताच्या कर्करोगावरची आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि निलोटिनिब ही औषधंही तेच करतात. उलट्यांवरची ऑन्डान्सेट्रॉनसुद्धा, जी केमोच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला मिळते. ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ असा चहूबाजूंनी लांबत गेला तर ताल एकाएकी बिघडतो आणि माणूस जागेवर कोसळतो. निरोगी कर्मचाऱ्याला जी गोळी बहुधा निभावली असती, ती या पेशंटच्या बाबतीत ईसीजी पाहिल्याशिवाय हातात घेण्याजोगी नव्हती.

कर्करोगाच्या वॉर्डाकडून कोविडला उलट देणंही झालं. टोसिलिझुमॅबसाठी नातेवाईक शहरभर पायपीट करत होते, ते इंजेक्शन कर्करोगतज्ज्ञांच्या ओळखीचं होतं. पेशंटच्याच टी-पेशी बदलून ल्युकेमियावर सोडल्या की शरीरात दाहाचं वादळ उठतं, हृदयही त्यात सापडतं, आणि ते शमवायला अमेरिकेत २०१७ पासून याला मान्यता होती. डेक्सामेथासोनचं तर काय सांगावं. उलट्या आणि ॲलर्जी रोखायला केमोच्या आधी रोज दिलं जाणारं हे स्वस्त स्टिरॉइड जून २०२० मध्ये ऑक्सिजनवरच्या कोविड पेशंटचे प्राण वाचवणारं ठरलं.

मे २०२० मध्ये ब्रिटनमधून ८०० पेशंटचा अभ्यास आला. या सगळ्यांना कर्करोगही होता आणि कोविडही. आदल्या चार आठवड्यांत केमो घेतलेल्यांचे मृत्यू न घेतलेल्यांहून लक्षणीय जास्त नव्हते. मृत्यूशी जोडलेल्या गोष्टी निघाल्या वय, पुरुष असणं, बीपी आणि हृदयविकार. रक्ताच्या कर्करोगात पुढे चित्र जरा वेगळं दिसलं, पण केमोच्या भीतीने उपचार थांबवून बसलेल्यांना हा निकाल मोठाच धक्का होता. जपायला हवं होतं ते हृदय.

आणि नेमक्या हृदय जपणाऱ्या गोळीवरच तेव्हा संशय घेतला गेला होता.

ही गोळी ब्राझीलच्या सापाची देणगी. बोथ्रोप्स जराराका हा तिथला विषारी साप चावला की रक्तदाब धाडकन कोसळतो. सेर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये त्याच्या विषातून असा घटक वेगळा केला, जो शरीरातल्याच ब्रॅडिकायनिन या रेणूचा परिणाम वाढवतो, आणि हा घटक घेऊन तो इंग्लंडला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या धाग्यावरून अमेरिकेत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओन्डेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडवलं. ते १९८१ मध्ये बाजारात आलं. एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच भावंडं. रक्तवाहिन्या आवळणारा अँजिओटेन्सिन-२ हा रेणू एसीई हे एन्झाइम बनवतं, या गोळ्या ते एन्झाइम रोखतात. कार्डिनाले यांच्या चमूने २००६ मध्ये दाखवलं, की जोरदार केमोनंतर ट्रोपोनिन वाढलेल्या ११४ जणांपैकी ज्यांना एनालाप्रिल दिलं त्यांच्यातल्या एकाचंही पंपिंग ठरवलेल्या मर्यादेपलीकडे घसरलं नाही. न दिलेल्यांत ४३ टक्क्यांचं घसरलं.

कोविडचा विषाणू पेशीत शिरतो त्या दाराचं नाव एसीई-२. नावात साम्य, कामात उलट: अँजिओटेन्सिन-२ ला मोडून सौम्य करणारं हे एन्झाइम पेशीच्या पृष्ठभागावर असतं. ते २००० मध्ये सापडलं आणि २००३ मध्ये पहिल्या सार्सचा विषाणूही इथूनच शिरतो हे कळलं. मार्च २०२० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र छापून आलं: बीपीच्या या गोळ्यांनी एसीई-२ वाढत असेल, तर त्या घेणारे विषाणूला जास्त दारं उघडून देत नाहीत ना? शंका बिनबुडाची नव्हती, प्राण्यांमध्ये तसं थोडंफार दिसलं होतं. पण पुरावा नसलेली शंका व्हॉट्सॲपवर गेली की तिचा सल्ला होतो. त्याच आठवड्यात युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी आणि काही दिवसांत अमेरिकेच्या संस्थांनी बजावलं, की गोळ्या मनाने बंद करू नका.

बजावणं वेगळं, पडताळणं वेगळं. पडताळा झाला तो जराराका सापाच्याच देशात. ब्राझीलमधल्या २९ केंद्रांवर, सौम्य ते मध्यम कोविडने दाखल झालेल्या ६५९ जणांची दोन गटांत वाटणी झाली. एकाच्या गोळ्या महिनाभर बंद, दुसऱ्याच्या चालू. जानेवारी २०२१ मध्ये निकाल छापला गेला. तीस दिवसांपैकी जिवंत आणि हॉस्पिटलबाहेर काढलेले दिवस बंद गटात सरासरी २१.९, चालू गटात २२.९. गोळ्या बंद करून पदरात काही पडलं नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीने कर्करोगाच्या पेशंटच्या हृदयासाठी आपली पहिली स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. पहिल्या सायकलच्या आधीच वय, बीपी, जुने डोस, जुनं रेडिएशन पाहून पेशंटचा धोका ठरवा आणि एको किती वेळा करायचा हे त्यावरून ठरवा, असं ती सांगते. लाल औषध घेणाऱ्यांत ज्यांचा धोका मोठा, त्यांना एनालाप्रिलच्या घराण्यातली गोळी पंपिंग घसरायची वाट न पाहता सुरू करण्याचा विचार व्हावा, हेही तिच्यात आहे.